मोडक्या घरांच्या गावांत : स्वयम शिक्षण प्रयोगाची पहिली वर्षे

नोंदणीच्या कागदावर स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेचे साल 1998 आहे. काम मात्र 1989 पासून चालू होते. ज्या कामाने संस्थेला तिचा स्वभाव दिला, ते तर 1994 ते 1998 या काळात, म्हणजे नोंदणीचा शिक्का उमटेपर्यंत, बहुतेक होऊन गेले होते. स्मरणिकेतला इतिहास साधारणपणे स्थापना, उद्दिष्टे, कार्यकारिणी आणि वार्षिक अहवाल या वाटेने जातो. इथे ती वाट धरली तर मुख्य गोष्ट बाजूला राहील. ती आहे लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतल्या, भूकंपात तडे गेलेल्या घरांची, आणि ती दुरुस्त व्हावीत म्हणून गावातल्या गावात दारोदार फिरलेल्या बायांची.

सुरुवात मात्र मराठवाड्यातली नाही, भायखळ्याची आहे. 1984 साली मुंबईत ‘स्पार्क’ ही संस्था निघाली. शीला पटेल यांच्यासोबत ती उभारणाऱ्यांत प्रेमा गोपालन होत्या. पदपथावर झोपडे घालून राहणारी कुटुंबे हे त्यांचे कार्यक्षेत्र. 1985 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. पोटापाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो हे न्यायालयाने मान्य केले, पण पदपथ अडवून राहण्याचा हक्क मानला नाही. म्हणजे रीतसर नोटीस देऊन झोपडी पाडता येणार होती. त्याच वर्षी स्पार्कने पदपथावरच्या कुटुंबांची मोजणी केली, आणि 1986 मध्ये तिथल्या बायांच्या बचतीच्या गटांमधून महिला मिलन उभे राहिले. या बायांनी आपल्याला परवडेल अशा घराचा नमुना आपणच ठरवला. मापाला साडी वापरली, पोटमाळा निघेल एवढी उंची हवी हे सांगितले आणि पूर्ण आकाराची नमुना घरे उभी करून अधिकाऱ्यांना दाखवली. घर ज्याचे, त्याचा आराखडा त्याने सांगायचा. ज्याला कळत नाही त्याने शेजारच्या वस्तीत जाऊन बघून यायचे. ही पद्धत 1989 पासून ग्रामीण महाराष्ट्रात नेण्याचा जो खटाटोप झाला, तोच स्वयम शिक्षण प्रयोग. एका गावच्या महिला मंडळाने दुसऱ्या गावी जायचे, तिथल्या बायांना विचारायचे, परत येऊन आपल्याकडे करून बघायचे, आणि सरकारी योजना नेमकी कुठे अडते ते अधिकाऱ्यांच्या समोर बसून बोलायचे. पहिली चार वर्षे हे असेच चालले. त्यांतून डोळ्यांत भरेल असे काही उभे राहिले नाही, हेही सांगून टाकावे.

मग 1993 चा सप्टेंबर आला. गणपती बुडवून गावे झोपली होती. 30 तारखेला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हलली. सुमारे आठ हजार माणसे गेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, लिंबाळा, चिंचोली, पेठ सांगवी, होळी... यादी लांब आहे. मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी तिथे पोचले. लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी होते. त्या दोघांच्या कामाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे इथे थांबत नाही.

थांबावे लागते ते घरापाशी. इंदापूर किंवा बारामतीच्या जिरायत पट्ट्यातल्या वाचकाला माळवद आणि धाबे म्हणजे काय ते सांगायला नको, तशी घरे त्याच्याकडेही आहेत. इतरांसाठी सांगतो. काळ्या दगडाची, मातीच्या गाऱ्यात रचलेली दोन-अडीच फुटी भिंत. तिची बाहेरची बाजू नीट बसवलेली, आतली ओबडधोबड, आणि मधल्या पोकळीत कपच्या नि माती. वर लाकडी खांब, तुळया, फळ्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी दरवर्षी त्यावर थोडी आणखी माती चढायची, म्हणजे घर गळू नये. असे पन्नास-साठ वर्षे झाले की डोक्यावर किती वजन साठते याचा हिशेब कोणी ठेवत नव्हते. उन्हाळ्यात या घरात जो गारवा असतो तो सिमेंटच्या स्लॅबखाली मिळत नाही. भूकंपात मात्र भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले, कारण त्यांना आरपार बांधणारे लांब दगड बहुतेक भिंतींत नव्हतेच. पुष्कळ ठिकाणी लाकडाचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या कोसळल्या. पहाटे माणसे मेली ती दगड-मातीखाली सापडून.

सरकारने गावांचे तीन वर्ग केले. पूर्ण उद्ध्वस्त झालेली 52 गावे ‘अ’ वर्गात. ती नव्या जागी वसवायची. ‘ब’ वर्गातल्या 22 गावांत आहे त्याच जागी पुनर्बांधणी. आणि ‘क’ वर्ग, ज्यात घर उभे आहे पण भिंतीला तडा गेला आहे, कोपरा सुटला आहे, माळवद खचले आहे. देशभरातून देणग्या, कंपन्या, वर्तमानपत्रे, मंदिरे, कॅमेरे, सगळे गेले ‘अ’ वर्गाकडे. तिथे रुंद रस्ते आणि सरळ रेषेत घरे झाली. मलयाळ मनोरमाने बाणेगाव बांधले, त्याचा आराखडा लॉरी बेकरांचा. इतर ठिकाणीही एकेका देणगीदाराने एकेक गाव घेतले. घराचे आकारही जमिनीवर ठरले : भूमिहीनाला आणि हेक्टरभर जमीन असणाऱ्याला 250 चौरस फूट, सात हेक्टरांपर्यंत 400, त्यापुढे 750. जुन्या गावात मोठ्या वाड्याच्या भिंतीला भिंत लावून गरिबाचे घर असायचे. नव्या गावात सातबाऱ्याप्रमाणे वेगळी आळी झाली. यावर अभ्यासकांनी बरीच टीका केली आहे आणि ती मला पटते.

‘क’ वर्गाकडे कोणी देणगीदार आला नाही. मोडलेल्या भिंतीवर नावाची पाटी लावता येत नाही. घरे मात्र इथे सगळ्यांत जास्त, दोन लाखांच्या आसपास. जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्याचा हा भाग ‘दुरुस्ती व मजबुतीकरण’ म्हणून ओळखला गेला. रक्कम साधारण 17 हजार रुपये, जास्त मोडलेल्या घरासाठी 34 हजार. पैसे हप्त्याने आणि काही भाग साहित्याच्या कुपनांच्या रूपात. ठेकेदार नाही. घरमालकाने स्वतः गवंडी लावायचा, काम करून घ्यायचे, अभियंत्याने पाहायचे, मग पुढचा हप्ता. कल्पना फार चांगली होती. ती पहिल्या वर्षात रुतली.

का रुतली, हे समजायला फार हुशारी लागत नाही. कोणत्या घराचा पंचनामा कोणत्या वर्गात धरला, हे तलाठ्याच्या यादीत होते आणि यादी कुठल्या तरी कपाटात. कुपनावर काय मिळते आणि कुठे, हे एका गावाला माहीत तर शेजारच्या गावाला नाही. पहिला हप्ता हातात पडला तो बियाणे-खतात किंवा दवाखान्यात गेला. मग काम नाही, तपासणी नाही, दुसरा हप्ता नाही. अभियंते थोडे आणि त्यांच्या वाट्याला गावे पुष्कळ. शिवाय लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला होता. ज्या भिंतीने माणसे मारली तिच्याच शेजारी पुन्हा निजायचे, हे कोण कबूल करील? कित्येक कुटुंबे घर सोडून अंगणात पत्र्याच्या खोपटात राहात होती.

याच टप्प्यावर सरकारने स्वयम शिक्षण प्रयोगाकडे लोकसहभागाचे काम दिले. सरकारी भाषेत संस्था ‘सल्लागार’ झाली. संस्थेने सल्ला एकच दिला म्हणायला हरकत नाही : गावात माहिती पोचवणारे माणूस गावातलेच असावे, आणि ती बाई असावी. त्या बाईचे पद ठरले ‘संवाद सहायक’. महिला मंडळातून, ग्रामसभेच्या संमतीने ती निवडायची. बाराशेहून जास्त गावांत अशा बाया उभ्या राहिल्या.

त्यांची नेमणूक वाचायला सोपी वाटते, पण ज्या गावांत बाई ग्रामपंचायतीच्या पायरीवर चढत नव्हती तिथे सुरुवातीला सगळेच अवघड होते. नवीन 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत एक तृतीयांश जागा बायांना दिल्या होत्या, पण ते कागदावर ताजे होते. संवाद सहायक बहुधा थोडी शिकलेली सून किंवा एकटी राहणारी बाई असे. पहिले काम यादी मिळवण्याचे. ती मिळाली की चावडीवर लावायची आणि वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवायची. यादी जाहीर वाचली गेली की गावात काय होते ते ज्याने गाव पाहिले आहे त्याला ठाऊक आहे : कोणाचे घर दोनदा लागलेले, कोणाचे राहून गेलेले, आणि कोणाचे पडले नसताना पडलेले. या भांडणांतून मार्ग काढणे म्हणजे अर्धा कार्यक्रम. दुसरे काम हप्त्याचे. कुणाचा हप्ता कुठे अडला, अभियंता कधी येणार, बँकेत काय घेऊन जायचे. तिसरे काम साहित्याचे. पाच-दहा घरांनी मिळून वाळू, खडी, सिमेंट एकदम आणले तर वाहतूक वाचते, हे बायांनी हिशेब मांडून दाखवले. आणि दर महिन्याला तालुक्याच्या बैठकीत आपापल्या गावची अडचण अधिकाऱ्यांपुढे मांडायची. सगळ्या गावांच्या बाया एकत्र आल्या की एका गावची तक्रार ही तक्रार राहात नाही, दहा गावांचा मुद्दा होतो. अधिकाऱ्यांनाही हे सोयीचे पडले, कारण फायलीत न दिसणारी माहिती त्यांना आयती मिळू लागली. काही अधिकारी नंतर या बैठकांची वाट पाहू लागले. काही शेवटपर्यंत चिडत राहिले.

मजबुतीकरण म्हणजे नक्की काय, हे लोकांना पटवणे सगळ्यांत कठीण गेले. तज्ज्ञांकडे उत्तरे होती. भारतीय मानक संस्थेने 1993 मध्येच दुरुस्ती आणि मजबुतीकरणासाठी मार्गदर्शक संहिता काढली होती. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडायचे, त्यात वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतात. दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना फिरणारा जाळीचा किंवा सळईचा पट्टा. कोपऱ्यांना आधार. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरके टेकू. आणि माळवदावरची माती उतरवून थर पातळ करायचा. अहमदाबादहून आलेल्या राजेंद्र आणि रूपल देसाई यांनी हे तंत्र तिथल्या घरांवर प्रत्यक्ष करून दाखवण्यात मोठा वाटा उचलला.

पण गावातल्या माणसाच्या दृष्टीने, पैसे देऊन भिंतीला भोके पाडून घ्यायची, हा व्यवहार उलटा होता. इथे स्वयम शिक्षण प्रयोगाची जुनी सवय कामी आली. भाषण करण्याऐवजी बायांना जीपमध्ये, एसटीत घालून ज्या गावात घर दुरुस्त झाले आहे तिथे नेले. तिथल्या घरधनिणीने आपली भिंत दाखवली, किती सिमेंट गेले ते सांगितले, गवंड्याने कुठे फसवले तेही सांगितले. यातला शेवटचा भाग सगळ्यांत उपयोगी ठरला. कारण गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवायचे तर काय पाहायचे ते माहीत हवे : सळई गंजलेली आहे का, वाळूत माती आहे का, काँक्रीटवर पाणी मारले जाते का, ओळंबा लावला का. बाया हे पाहू लागल्या तेव्हा गवंडी कुरकुरले. काही बायांनी पुढे स्वतः थापी हातात घेतली.

आता हिशेबाची दुसरी बाजू. कार्यक्रमाचे नाव दुरुस्ती होते, पण पैसे मिळालेल्या पुष्कळ कुटुंबांनी जुन्या घराची दुरुस्ती केलीच नाही. त्यांनी त्या रकमेत आणि थोडे पदरचे घालून शेजारी एक नवी खोली बांधली, विटा-सिमेंटची, वर पत्रा किंवा स्लॅब. जुने माळवदाचे घर धान्य आणि जनावरांना राहिले, आणि दुरुस्तीच्या पैशांचा उद्देश, म्हणजे लोक झोपतात ती भिंत सुरक्षित करणे, वेगळ्या रीतीने का होईना साधला. तज्ज्ञांना याचे वाईट वाटले. मला विचाराल तर लोकांचे चुकले नाही. भीती ही अभियांत्रिकीने मोजता येत नाही. पण संस्थेच्या अहवालांत ‘दुरुस्त झालेली घरे’ म्हणून जे आकडे येतात त्यांत या नव्या खोल्याही आहेत, हे इतिहास लिहिताना नोंदवले पाहिजे. आणखी एक : पत्र्याच्या त्या खोल्या उन्हाळ्यात भट्टीसारख्या तापतात. दुपारी त्या घरांतली म्हातारी माणसे आजही जुन्या माळवदाखाली जाऊन पडतात.

घरबांधणीतले स्वयंसेवक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संवाद सहायकापेक्षा वेगळे चित्र येते. पुणे जिल्ह्यातच त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. 2006 च्या ऑक्टोबरअखेरीस लोणावळ्याजवळ मळवलीच्या पाटण गावात ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ने 100 घरे बांधायला घेतली. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन हातात हातोडा घेऊन आले, ब्रॅड पिट आले, स्टीव्ह वॉ आले, जॉन अब्राहम आले. देशोदेशींचे सुमारे दोन हजार स्वयंसेवक आठवडाभर विटा लावत होते. जिथे कुटुंबाकडे पक्के घर नाही तिथे ते मोलाचे काम आहे आणि त्याला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. फक्त फरक पाहावा. पाटणचा स्वयंसेवक विमानाने आला, घर बांधून परत गेला. संवाद सहायक कुठे जाणार? यादीत जिचे नाव राहिले ती तिची जाऊ असायची. चुकीची माहिती दिली तर विहिरीवर रोज गाठ. त्यामुळे तिचे काम हळू चालले, वादावादीचे झाले, आणि टिकले.

1998 मध्ये प्रकल्प संपत आला तेव्हा प्रश्न उभा राहिला की या बायांनी आता काय करायचे. घराच्या निमित्ताने ज्यांनी बँक, तहसील आणि पंचायत समिती पाहिली होती त्या परत घरात बसायला तयार नव्हत्या. महिला मंडळांचे बचत गट झाले होतेच. बऱ्याच ठिकाणी एकत्र साहित्य आणण्याच्या हिशेबातूनच बचतीची वही सुरू झाली होती. संस्थेची नोंदणी झाली ती या गटांना धरून. पुढे कर्जवाटप, आरोग्य, पाणी, शेती अशी कामे वाढत गेली, त्यांची यादी अहवालांत आहे. मराठवाड्यातल्या दुष्काळात बायांनी घरच्या शेतातला एक एकर आपल्याकडे मागून घेऊन त्यात खाण्याचे धान्य-भाजी पिकवण्याचा जो प्रयोग केला, तो त्यातला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्यावर कोणीतरी स्वतंत्र लिहावे. 2016 मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

घरांचे काम मात्र सुटले नाही, कारण भूकंप सुटले नाहीत. 17 ऑगस्ट 1999 ला तुर्कस्तानात मारमारा भागात भूकंप झाला, त्यानंतर लातूरच्या बाया तिथल्या बायांना भेटायला गेल्या. 26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरला. तिथे लातूर-उस्मानाबादच्या बाया गेल्या त्या शिधा वाटायला नाही. त्या कच्छी बायांबरोबर ढिगाऱ्यात बसल्या आणि आपल्याकडे काय चुकले ते सांगत राहिल्या : यादी लगेच मागून घ्या, हप्त्याचे वेळापत्रक लिहून घ्या, गवंड्याला आधी पैसे देऊ नका, पुनर्वसनाच्या बैठकीला पुरुषांना एकट्याने पाठवू नका. भाषा वेगळी होती, पण भिंतीचा तडा दोन्हीकडे सारखाच ओळखू येत होता. 2004 च्या डिसेंबरात त्सुनामी आली, तेव्हा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आणि 2018 च्या महापुरानंतर केरळात, स्वयम शिक्षण प्रयोग हीच पद्धत घेऊन गेला.

प्रेमा गोपालन 2022 मध्ये गेल्या. पदपथावर साडीने घर मोजणाऱ्या बायांपासून तमिळनाडूच्या नागपट्टिनमपर्यंतचा हा सगळा प्रवास त्यांनी उभा केला, तरी त्यांच्याविषयी या लेखात फार लिहिलेले नाही. त्यांच्याबरोबर काम केलेल्यांनी ते या स्मरणिकेत लिहावे.

संवाद सहायक हे पद आता कुठल्या सरकारी आदेशात नाही. घराचा पैसा आता प्रधानमंत्री आवास योजनेतून येतो : सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये, थेट खात्यात, हप्त्यांनी, आणि प्रत्येक हप्त्याआधी बांधकामाचा फोटो मोबाइलवरून चढवायचा. रोजगार हमीतून मजुरीचे दिवस वेगळे, शौचालयाचे 12 हजार वेगळे. तिन्ही पैसे तीन खात्यांचे आणि तीन कागदांचे. पंचायत समिती उमरग्याची असो, इंदापूरची असो की बारामतीची, घरकुल विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या बाईच्या पिशवीत आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि आठ-अ चा उतारा असतो, आणि तिला विचारायचे असते ते हेच, की आपले नाव यादीत आहे की नाही आणि नसेल तर पुढच्या ग्रामसभेत ते कोणी वाचून दाखवायचे.